कानबाईच्या पानातलं खिंडार

पुण्यात मी ज्या कंपनीत आहे तिथं माझं काम एकच, लोकांच्या वेबसाइटमधली भोकं शोधायची. चोर कुठून शिरेल ते चोराच्या आधी ओळखायचं, अहवालात लाल अक्षरांत लिहायचं आणि ते बुजवून होईपर्यंत समोरच्याच्या मागे भुणभुण लावायची. स्वभावाने मी भांडखोर असल्यामुळे हे काम मला मानवलं. गावाकडं कुणी विचारलं की माय सांगते, "मन्ही पोर कॉम्प्युटरनी राखन करस." जन्मभर पिकाची राखण केलेल्या बाईला याहून वेगळं काय समजावणार, म्हणून मीही आता तेच सांगते.

मी तपासते त्यातल्या बऱ्याचशा वेबसाइट पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेल्या असतात. ऑफिसातली नवी मुलं या भाषेचं नाव काढलं की नाकं मुरडतात. जुनी आहे, ढिली आहे, कुणालाही आत येऊ देते, असं बरंच काही बोलतात. बोलतात ते खरं आहे, तरी मला राग येतो. आपल्या घरातल्या माणसाला आपण हवं ते बोलावं, बाहेरच्याने बोललं की डोकं फिरतं, तसं माझं होतं. ही भाषा मला भावाने शिकवली.

आमचं गाव प्रकाशा नावाच्या गावाच्या अलीकडं, तापीकाठच्या काळ्या जमिनीतलं. केळी, पपई आणि ऊस. भाऊ माझ्याहून बराच मोठा. तो शहाद्याला कॉलेजात जायला लागला तेव्हा कुणाकडून तरी एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला आणि माळ्यावरच्या खोलीत, ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यांशेजारी त्याने तो मांडला. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक टेबलफॅन तो कॉम्प्युटरकडं तोंड करून लावायचा आणि आम्ही दोघं घामाने निथळत बसायचो. मी शाळेत होते. ओळ संपली की अर्धविराम द्यायला मी हमखास विसरायची, मग पान पांढरंफटक दिसायचं, आणि तो माझ्या डोक्यात टपली मारून विचारायचा, काय राहिलं? मला ठाऊक असूनही मी मुद्दाम उशिरा सांगायची. ती टपली मला आवडायची, हे आता लिहायला हरकत नाही.

आम्ही मिळून जे पहिलं खरंखुरं काम केलं ते कानबाईचं. आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसते. नारळाला नाक-डोळे काढायचे, नथ घालायची, पातळ नेसवायचं, चौरंगावर बसवायचं, गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी नदीवर नेऊन निरोप द्यायचा. हा सण एकट्यादुकट्याचा नाही, सगळी भाऊबंदकी एका छपराखाली यावी लागते. आमची भाऊबंदकी तर सुरतेपासून नाशिकपर्यंत पसरलेली. ज्यांना येता येत नाही त्यांना निदान दर्शन तरी व्हावं म्हणून भावाने वेबसाइट काढायचं ठरवलं. पानाच्या माथ्यावर कानबाईचा मोठा फोटो, खाली ज्याने त्याने आपल्या घरचे फोटो चढवायचे. कानबाईचे डोळे दरवर्षी भाऊच काढायचा, काजळात बोट बुडवून. उजवा डोळा जरा बाहेरच्या बाजूला जायचा. त्यामुळे आमची कानबाई नेहमी कुणीतरी येतंय का ते पाहत असल्यासारखी दिसायची.

सुरुवातीला त्याने रीतसर पासवर्ड ठेवला होता. पहिल्याच वर्षी सुरतेच्या एका काकांचा फोन आला. काका तापलेले. "आपलाच घरमा आपलेच इचारतस, तू कोन?" हे वाक्य त्यांनी फोनवर इतक्या मोठ्याने म्हटलं, की माझ्या हातातला पाण्याचा तांब्या हलला. आमच्याकडं भाऊबंदाला दारात उभं करून नावगाव विचारणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखंच. काकांचं म्हणणं भावाला मनापासून पटलं. त्याने पासवर्ड काढून टाकला. ज्याला पानाचा पत्ता ठाऊक, त्याने यावं, फोटो ठेवावा, जावं. कोण आलं हे विचारायचं नाही, काय आणलं हेही बघायचं नाही. आणलेल्या फाइलला आलेल्याच नावाने ठेवून द्यायचं, आणि त्या नावाची जुनी फाइल असेल तर तिच्यावर नवी बसवायची. अशी चूक शहरातल्या कुणी केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. आमच्या गावात ती चूक कुणाला चूक वाटलीच नाही.

भाऊ पुढं सातपुड्यात एका आश्रमशाळेवर शिकवायला गेला. धडगावच्या बाजूला, डोंगराच्या आत. तिथंच एक बाई शिकवायच्या, डोंगरातल्याच, पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या घरातल्या. भावाने त्यांच्याशी लग्न करायचं ठरवलं आणि सरळ येऊन आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सांगितलं. लपवाछपवी त्याला कधी जमलीच नाही. आमचे आबा शब्दाला पक्के, म्हणजे एकदा चुकीचं बोलले तरी त्यालाही पक्के. बापजाद्यांपासून जमीन असलेल्या घरात डोंगरातली सून येणार, हे त्यांच्या पचनी पडलं नाही. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना ते उठले आणि म्हणाले, "आजपासून या घरमा त्यान्हाशी कोन्ही बोलनं, त्यान्हं नाव काढं, तर कानबाईनी आन शे."

भाऊ तेव्हा अंगणातच होता. त्याने चप्पल घातली, मायकडं एकदा बघितलं आणि निघाला. नंतर त्याने कधी फोन केला नाही. फोन केला असता तर मायने उचलला असता, आणि आण तिच्यावर आली असती, एवढा विचार तो नक्की करणार. मायने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून माझ्याकडूनही वचन घेतलं. मी आणबिण मानत नाही, पण मायला मानते. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर तसाच होता. कधी कधी मी तो नुसता काढून बघायची आणि पुन्हा ठेवून द्यायची.

आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. धडगाव त्या रेघेच्या पलीकडं. शहाद्याहून गाडीत बसलं की दुपारपर्यंत माणूस तिथं पोचतं. परदेशात गेलेल्या भावाची आठवण काढणं सोपं असेल. दिसणाऱ्या डोंगरामागं राहणाऱ्या भावाची आठवण फार छळते. सुट्टीत घरी आले की मी वाळवणाचं निमित्त काढून गच्चीवर जायची, आणि वर गेल्यावर माय आधीच तिथं उभी असायची. आम्ही दोघी पापड उलटसुलट करत राहायचो.

तो गेल्यानंतरचा पहिला श्रावण आला. कानबाईचे डोळे त्या वर्षी एका चुलतभावाने काढले. दोन्ही डोळे सरळ, एकसारखे, बघवेनात. मी तोवर नोकरीला लागले होते, सुट्टी घेऊन आले होते. दुपारी मायला दाखवायला म्हणून आमचं पान उघडलं, तर माथ्यावरचा फोटो वेगळाच. मी सकाळी आमच्या कानबाईचा फोटो चढवला होता आणि त्या जागी दुसरीच कोणी बसली होती. मागं कुडाची भिंत, बाजूला मक्याची कणसं टांगलेली, चौरंगाऐवजी शाळेतला बाक. आणि कानबाईचा उजवा डोळा बाहेर गेलेला.

मायने माझ्या हातातून फोन घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. कुणी शिकवलं होतं कोण जाणे. "ह्या डोया त्यान्हाच शेतस," एवढंच ती म्हणाली आणि फोन हातात घेऊनच चुलीशी जाऊन बसली.

मी सर्व्हरची नोंद तपासली. कुणी कुलूप तोडलं नव्हतं, तोडायला कुलूपच नव्हतं. माथ्यावरच्या फोटोच्या फाइलचं नाव ज्याला माहीत आहे त्याने त्याच नावाचा आपला फोटो चढवला होता, आणि पानाने निमूटपणे जुना काढून नवा बसवला होता. ते नाव आम्हा दोघांनाच माहीत होतं. मला धंद्याच्या सवयीने आधी वाटलं, किती भयंकर खिंडार आहे हे. मग मला रडू आलं.

त्यानंतर दर श्रावणात तो आला. म्हणजे फोटो आला. एका वर्षी समईपाशी बांगड्या घातलेला एक हात होता, तो वहिनींचा. एका वर्षी कोपऱ्यात इवलंसं पाऊल होतं, आणि माय त्या पावलाकडं बघून दिवसभर उगाच हसत होती. पुढच्या वर्षी बाकाला धरून उभी असलेली मुलगी, केसांना तेल चोपडून दोन बो बांधलेली. नाक आपल्या घरचं आहे, असं मायने जाहीर केलं. आमच्या घरचं नाक काही मिरवण्यासारखं नाही, पण मी वाद घातला नाही. आण मोडल्याचा तिच्या मनात संशयही नव्हता. ती मला म्हणायची, मी बोलले नाही, नाव काढलं नाही, नुसतं बघितलं. माझ्यासारख्या भोकं शोधणाऱ्या बाईने एवढी चोख पळवाट दुसरीकडं पाहिलेली नाही.

श्रावण जवळ आला की तिचा फोन यायचा. आधी पाऊस, मग म्हशीचं दूध, मग पपईवरचा रोग, आणि सगळ्यात शेवटी, ते पान चालू आहे ना? चालू आहे म्हटलं की लगेच फोन ठेवायची. तोवर भाऊबंदकी सगळी व्हॉट्सॲपवर गेली होती. आमच्या पानावर फोटो चढवायला कुणी येत नव्हतं. मी फोटो चढवायचं पान मेनूतून काढून टाकलं होतं, पण सर्व्हरवर ते तसंच जिवंत ठेवलं होतं, फक्त पत्ता ठाऊक असलेल्या एका माणसासाठी. दिवसा मी लोकांना अशाच पानांवरून झापायची. मला त्याची लाज वाटत नव्हती. मला भाऊ हवा होता, आणि तो त्या एवढ्याच वाटेने येत होता.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर एक दिवस आमच्या थोरल्या काकांचा फोन आला. भाऊबंदकीचा कारभार ते बघतात. ते मला काही सांगत होते पण संकोचाने सांगत नव्हते. कानबाईच्या जागी बाई आहे, एवढंच त्यांना म्हणता येत होतं. मी पान उघडलं. माथ्यावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात, आणि तिच्यात अंगावर जेमतेम कपडे असलेली एक बाई पत्ते पिसत होती. पानावर लिहिलेला कानबाईचा जयजयकार मात्र तिच्या डोक्यावर तसाच.

हसण्यासारखं होतं, पण आतला प्रकार वाईट होता. इंटरनेटवर अशी उघडी पानं हुंगत फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांतल्या एकाला आमचं पान सापडलं होतं. त्याने फोटोच्या जागी फोटो चढवलाच नव्हता, एक प्रोग्राम चढवला होता. पीएचपीचा स्वभाव असा, की आपल्या जातीची फाइल फोल्डरात दिसली की ती कुणी ठेवली हे न विचारता सर्व्हर ती चालवतो. त्यामुळे तो परका माणूस आमच्या घरात नुसता शिरला नव्हता, तो आमच्या चुलीवर स्वैपाक करत होता. पान उघडणाऱ्याच्या फोनमध्ये तो भलतंच काही घुसवत होता. सुरतेच्या एका काकूंचा फोन त्याने पुरता नासवला. कानबाईचं दर्शन घ्यायला गेल्या आणि फोन घेऊन दुकानात जावं लागलं, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या.

काकांनी सांगितलं, सगळं बंद कर. त्यांनी सांगितलं नसतं तरी मला ते करावंच लागणार होतं. जे काम मी परक्यांसाठी करते ते आपल्या माणसांसाठी न करण्याला माझ्याकडं कारण नव्हतं. म्हणजे कारण एक होतं, पण ते काकांना सांगण्यासारखं नव्हतं.

मी घरी गेले आणि मायला समजावलं. ती मळणी केलेली तूर पाखडत होती. तिने पाखडणं थांबवलं नाही. त्याच्यापुरतं राहू दे, म्हणाली. मी म्हटलं, खिंडाराला माणूस ओळखता येत नाही, तिथून भाऊही येतो आणि डुक्करही येतं. मग तू ओळख आणि त्याला तेवढं येऊ दे, म्हणाली. मी म्हटलं, ओळखायचं तर नाव विचारावं लागेल, पासवर्ड द्यावा लागेल, आणि तो त्याला कळवायचा म्हणजे त्याच्याशी बोलावं लागेल. तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता ती हो म्हणेल. तुरीतला एक खडा वेचून टाकत ती म्हणाली, आण मोडून त्या लेकरावर काही आलं तर? तिच्या डोळ्यांसमोर दोन बो बांधलेली ती मुलगी होती.

मी खिंडार बुजवलं. परक्याचा प्रोग्राम शोधून काढला, पीएचपी नवी केली, फोल्डरात कुठलीही फाइल चालणार नाही अशी व्यवस्था केली. आलेली फाइल खरंच फोटो आहे का, हे तपासायला लावलं. आणि जुन्या पत्त्यावर एक दार बसवलं. तिथं नाव आणि पासवर्ड विचारला जाई. भावाचं खातं मी त्याच्या माळ्यावरच्या कॉम्प्युटरच्या नावाने उघडलं आणि पासवर्डही त्या कॉम्प्युटरचाच जुना ठेवला, जो त्याने मला लहानपणी चोरून सांगितला होता. ऑफिसात असं कुणी केलं असतं तर मी त्याला उभा जाळला असता. पण त्याला काहीही न कळवता तो आत येऊ शकेल, अशी एवढीच सोय मला सुचली. दाराशी आला तर त्याला आठवेल, असं मला अगदी खात्रीने वाटत होतं.

या श्रावणात कानबाई आमच्याच घरी होती. घर माणसांनी भरलेलं. अंगणात गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, चिरायला बायकांची पंगत बसलेली, आत खिरीचं पातेलं. मी आमच्या कानबाईचा फोटो सकाळीच माथ्यावर लावला होता. माय येता-जाता माझ्याकडं बघायची आणि मी मान हलवायची, अजून नाही. दुपार झाली. मी कोठीच्या खोलीत धान्याच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून सर्व्हरची नोंद उघडली.

तो आला होता. ज्या जुन्या पत्त्याची कुठंच खूण नव्हती त्याच पत्त्यावर कुणीतरी सकाळी सरळ येऊन उभं राहिलं होतं. समोर नवीन दार आलं होतं. त्याने काहीही लिहिलं नव्हतं. चुकीचा पासवर्ड टाकला असता तर त्याचीही नोंद राहते, तशी एकही नव्हती. थोड्या वेळाने तो पुन्हा आला होता, पुन्हा त्या दारासमोर थांबला होता आणि तसाच निघून गेला होता.

माय दारात उभी होती. तिने विचारलं, आला का? मी खरं ते सांगितलं. आला होता, दार बघून परत गेला.

"दारपासून फिरी गया?" ती म्हणाली.

पासवर्ड आठवला नसेल, मी म्हटलं. पण माझा मलाच विश्वास वाटत नव्हता. त्याला आठवलं असणारच. ज्या माणसाने भाऊबंदांना नावगाव विचारायला लाज वाटते म्हणून दार काढून टाकलं होतं, त्याला आम्ही त्याच जागी उभं करून विचारलं होतं, तू कोण? न विचारता यायला त्याची काही हरकत नव्हती. विचारल्यावर आपण या घरचे कोण, हे त्याला सांगता आलं नसेल. मी इतकी वर्षं हे काम करतेय आणि हे मला दार बसवताना सुचलं नाही.

माय पोत्यावर माझ्याशेजारी बसली. ते पहिल्यासारखं कर, म्हणाली. एका दिवसापुरतं. मी तिला सांगितलं, आता तासभरही उघडं ठेवता येत नाही गं, ते लोक टपलेले असतात. ती रडली नाही. तिने विचारलं, मग पोर आता केवढी झाली असेल? आणि हाताने जमिनीपासून उंची दाखवली, मग हात जरा वर नेला, मग आणखी जरा वर. मला तिथं बसवेना.

आणि खोलीच्या दारातून आबांचा आवाज आला. ते केव्हा येऊन उभे राहिले होते ते आम्हाला कळलं नव्हतं. किती ऐकलं, तेही कळलं नाही. माय झटकन उठली, पदर सारखा केला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील, तेही कानबाईसमोर. मी भांडायला तयार झाले. खरं म्हणजे मी कित्येक वर्षं तयारच होते.

आबांनी माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं नाही. लॅपटॉपकडं बोट दाखवून विचारलं, "आठला फोटो तठे दखाई का?"

तिथं म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. दिसेल, म्हटलं. माथ्यावरचा फोटो पान उघडणाऱ्या कुणालाही दिसतो, त्याला पासवर्ड लागत नाही. आबांनी मान हलवली आणि बाहेर गेले. मला वाटलं विषय संपला. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली, फोन घेऊन ये म्हणाले. ते कानबाईच्या चौरंगाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले होते, टोपी सारखी करून. हातात रोट होता.

रोट म्हणजे कानबाईच्या प्रसादाची जाड गोड पोळी. त्यासाठी गहू मोजताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ घालतात, आणि तो रोट फक्त घरातल्यांनीच खायचा असतो. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा आमच्याकडं तो देत नाहीत, त्यामुळे माझं लग्न झाल्यापासून मला दरवर्षी खिरीवर समाधान मानावं लागतं. आणेनंतर भावाच्या नावाची मूठ मोजायची नाही, असंच ठरलं होतं. ती मोजत कोण होतं, कोण नव्हतं, याची मी कधी चौकशी केली नाही.

मी फोन समोर धरला. आबांनी रोटाचा हात सरळ पुढं केला, माझ्याकडं, फोनकडं. कुणाला तरी वाढावा तसा. फोटोत हात भलामोठा आणि चेहरा मागं लहान येत होता. मी म्हटलं, आबा, हात जरा खाली घ्या, तुम्ही नीट येत नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्याले रोट दखाले जोयजे."

थोरले काका तोंडात सुपारी धरून तसेच बघत राहिले. माय चौरंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मी फोटो काढला. तो मी माथ्यावर चढवला.

सोमवारी सकाळी बायका कानबाई डोक्यावर घेऊन तापीवर निघाल्या. आबा ओट्यावर चहा पीत बसले होते. मी जाता जाता नोंद बघितली. फोटो लागल्यावर संध्याकाळी, आदल्या सकाळी दाराशी येऊन परत गेलेल्या त्याच फोनवरून कुणीतरी पान उघडलं होतं. मग पुन्हा उघडलं होतं. पहाटे पुन्हा. मी आबांपाशी गेले आणि सांगितलं, त्याने बघितला.

आबांनी कप खाली ठेवला. "काय बोलना तो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काही बोलला नाही, आबा. नुसता बघतोय. पुन्हा पुन्हा बघतोय.

गाणी लांब जात होती. आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मंग तू बोल."

मी तिथंच ओट्याच्या पायरीवर बसले. त्याचा नंबर काढला. इतकी वर्षं हा नंबर लावायची मला एवढी ओढ होती, आणि तिकडं घंटा वाजायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्याला पहिलं काय म्हणायचं हे मी कधी ठरवलंच नव्हतं.